जुन्या लाकडी जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्यांना नवी कड

राजापूरकडच्या आमच्या आजोळच्या घरात माडीवर जायला बारा पायऱ्यांचा सागवानी जिना आहे. किती जुना ते कुणालाच सांगता येत नाही. पायऱ्यांच्या कडा मधोमध इतक्या झिजल्या होत्या की पाणी ओतलं तर तिथूनच खाली धार लागावी. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हौसेने त्या दुरुस्त करायला घेतल्या. डोकं चालवलं ते असं: बाजारातून अर्ध्या इंचाच्या बीडिंगच्या पट्ट्या आणल्या आणि झिजलेल्या कडेवर वरून खिळ्यांनी ठोकल्या. जिना नव्यासारखा दिसायला लागला. चौथ्या दिवशी मावशी कपड्यांचं बोचकं घेऊन उतरताना त्याच पट्टीला टाच अडकून शेवटच्या तीन पायऱ्या बसत खाली आली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. पट्ट्या मी त्याच संध्याकाळी उपटल्या.

त्यानंतर हा जिना नीट केला, आणि ओळखीच्यांचे आणखी दोन. ते करताना जे कळलं ते इथे लिहितो. सगळ्यात आधी कळलं ते हे की पायांना पायरीची उंची पाठ असते. रोजच्या जिन्यावर कुणी खाली बघून चालत नाही. एका पायरीची उंची दोन सूत बदलली तरी पाय फसतो. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराशी बोलताना मिलिमीटरपेक्षा हेच माप कामाचं.) म्हणून नवी कड बसवायची ती पायरीच्या वर नाही, पायरीच्या पुढे. तिचा माथा जुन्या पायरीच्या माथ्याशी एकसपाट हवा.

आधी जिना वाचा

लाकूड आणण्यापूर्वी एक दिवस नुसता जिन्याला द्या. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली बसून बघायचं. कुठली पायरी करकरते, कुठली दबते, ते खडूने तिथेच लिहून ठेवा. करकर बहुतेक वेळा पायरी आणि बाजूच्या तुळईच्या (पायऱ्यांची टोकं ज्यात बसतात त्या तिरक्या लाकडाच्या) खाचेतली असते. लाकडी पाचरीला फेविकॉल लावून ती खालून खाचेत ठोकली की आवाज थांबतो. हे आधी करून घ्या, कारण हलणाऱ्या पायरीवर बसवलेली कड पावसाळ्याभरात सांधा सोडते.

मग एक जाडा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पायऱ्यांची खालची बाजू आणि बाजूच्या तुळया टोचत जा. तुळईचं जमिनीजवळचं टोक विशेष तपासा. ओल तिथूनच चढते आणि वाळवीही. टोक सहज आत जात असेल, पोकळ आवाज येत असेल किंवा खाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसत असेल, तर कडेचं काम बाजूला ठेवा. तुळई कुजलेली आणि पायऱ्यांना नवी सागवानी पट्टी, म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा.

आता मोजमाप. प्रत्येक पायरीची उंची, खोली (पाय टेकतो ती पुढून मागची जागा) आणि जाडी वेगळी लिहा. जुन्या जिन्यात दोन पायऱ्या सारख्या निघत नाहीत. आमच्याकडे मधल्या पायऱ्यांची उंची साडेआठ इंच, पण सगळ्यात खालची सातच इंच निघाली. पूर्वी सारवलेली जमीन होती, नंतर कधीतरी तिच्यावर फरशी आली आणि तिने दीड इंच खाल्ला. कड लावून हा दोष जात नाही, पण वाढू नये हे आपल्या हातात असतं. तुलनेसाठी सांगतो: राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ घरातल्या जिन्यासाठी पायरीची खोली किमान २५० मिमी आणि उंची जास्तीत जास्त १९० मिमी सांगते, म्हणजे साधारण दहा इंच आणि साडेसात इंच. वाड्यांचे आणि कोकणातल्या माड्यांचे जिने यात बसत नाहीत. आमच्या पायरीची खोली आठ इंच आहे. पट्टी लावून तो जिना संहितेत बसणार नाही. पाय टेकायला जागा मात्र थोडी वाढते.

तीही चढतानाच. कारण सगळ्या पायऱ्या सारख्याच पुढे आल्या तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं आडवं अंतर तेवढंच राहतं. चढताना पंजा वरच्या कडेखाली सरकतो, तिथे फायदा मिळतो. उतरताना मिळत नाही. म्हणून कड फार पुढे काढण्यात अर्थ नाही. जुनी-नवी मिळून खालच्या उभ्या फळीच्या पुढे पाऊण ते सव्वा इंच पुरे. त्याहून जास्त काढली तर चढताना बोटं खालून अडकतात.

आणि हे विसरू नका: पायऱ्यांबरोबर माडीच्या तोंडाची कडही तेवढीच पुढे यायला हवी. बारा पायऱ्या अर्धा इंच पुढे आल्या आणि माडीची जमीन होती तिथेच राहिली, तर शेवटचं पाऊल बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच लांब पडतं. ज्या जिन्यांवर कुणी सुतारकाम करून गेलंय त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच राहिलेलं दिसतं.

चाळीत राहत असाल तर आणखी एक. तिथला जिना सामाईक असतो, एका बिऱ्हाडाने परस्पर त्याला करवत लावायची नाही. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. आधी मालक, मग तिकडे अर्ज.

कापायचं की नाही

कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मधली फट मोजा. दोन सुतांपेक्षा कमी असेल तर काहीच कापू नका. रंधा मारून कड सारखी करा, वरची धार गोल करा, काम संपलं. लोकांना एवढ्यावर समाधान वाटत नाही, पण चांगलं जुनं लाकूड उगाच कापण्यापेक्षा हे बरं.

पायरी तुळईच्या खाचेत अडकलेली नसून वरून स्क्रूने बसवलेली असेल, तर ती काढून उलटी करून बघा. खालची बाजू बहुतेक कोरी करकरीत असते. पुढची कड मागे, खालचा माथा वर, आणि पायरी पुन्हा तयार. आमच्या जिन्यात हे जमण्यासारखं नव्हतं, कारण पायऱ्या दोन्हीकडे खाचेत होत्या.

तीन-चार सूत किंवा त्याहून जास्त झीज असेल तर झिजलेला भाग सरळ कापून काढायचा आणि तिथे त्याच जाडीची नवी पट्टी जोडायची. मी सव्वा इंच मागे कापलं आणि पावणेदोन इंच रुंदीची पट्टी लावली. म्हणजे पायरी पुढे आली फक्त अर्धा इंच. भुशात फेविकॉल कालवून झीज भरून काढायचा सल्ला बरेच जण देतात. खिळ्याच्या भोकासाठी तो ठीक आहे. जिथे रोज टाच पडते तिथे तो खपलीसारखा निघून येतो.

लाकूड

पायरी ज्या जातीची, पट्टी त्याच जातीची, हा साधा नियम. साग असेल तर साग. फणसाच्या पायऱ्या असतील तर फणस. तो सुरुवातीला पिवळाधमक दिसतो, पण दोन-तीन वर्षांत तांबूस होतो, धीर धरा. बाजारात ‘सीपी साग’ हा शब्द ऐकाल. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत. बल्लारशा, आलापल्लीकडचा तो साग. त्याशिवाय घाना, नायजेरियाकडून आलेला सागही असतो. स्वस्त पडतो, पण त्यात कोवळं लाकूड जास्त निघतं. कुठलाही घ्या, गाभ्याचं लाकूड मागा. सागाच्या बाहेरच्या फिकट भागाला कीड लागते, आणि पट्टीत तो एका कडेला जरी आला तरी किडीला दार उघडं.

माझी स्वतःची पसंती जुन्या लाकडाला. पाडलेल्या घरांचे वासे, चौकटी यांतून काढलेला साग पूर्ण वाळलेला असतो आणि रंगाने जुन्या पायरीशी लगेच जुळतो. पुण्यात भवानी पेठेचं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड, किंवा गावात घर पाडणारा ठेकेदार, कुठेही विचारा. फक्त मिलवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. मिलवाल्याचं पातं तुमच्या खिळ्यावर तुटलं तर तो पुढच्या वेळी गेटही उघडणार नाही.

हिशेब असा. बारा पायऱ्या आणि माडीची कड, प्रत्येकी तीन फूट, म्हणजे ३९ फूट. घट आणि चुका धरून ४५ फूट. तयार पट्टी पावणेदोन बाय सव्वा इंच, पण रंधून ती मिळायला दोन बाय दीड इंच चिरावी लागते. तेव्हा लागलं सुमारे ०.९४ घनफूट. सरळ एक घनफूट घ्या. मिलवर चिरून आणि रंधून मिळतं. जाडी पायरीपेक्षा अर्धा सूत जास्तच ठेवायला सांगा, बसवल्यावर रंधून सपाट करता येते. कमी पडली तर मात्र काहीच करता येत नाही. पुढची धार मिलवरच गोल करून घेतलीत तरी चालेल. पूर्ण अर्धगोल नको, वरच्या कोपऱ्याला तीन-चार सुतांची गोलाई पुरते. फार गोल केली तर पाय टेकायची जागाच कमी होते.

पट्ट्या आणल्या की त्याच घरात, मध्ये काड्या ठेवून, किमान पंधरा दिवस रचून ठेवा. लाकडाला त्या घरची हवा लागू दे. मोसम म्हणाल तर दिवाळी ते गुढीपाडवा. भर पावसाळ्यात हे काम काढू नका. लाकूड फुगलेलं असतं आणि फेविकॉल वाळता वाळत नाही.

कापणं

पायऱ्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर सुका पॉलिश पेपर मारू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांनी कळत नाही. पाणी मारून ओलं घासा किंवा रंग काढायचं रसायन लावून खरवडा. तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसा.

एका दिवशी सगळ्या पायऱ्या उघड्या करू नका. आधी विषम, त्या वाळल्या की सम. वर माडीवर म्हातारं माणूस राहत असेल तर ही सोय हवीच. ज्या पायऱ्यांचं काम चालू आहे त्यांवर लाल फडकं बांधा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा, पाहुण्यांनाही.

पायरीच्या मागच्या फळीपासून नव्हे, तर पायरीच्या दोन्ही टोकांच्या न झिजलेल्या कडेपासून सव्वा इंच आत खूण करा आणि रेघ मारा. टोकाला, तुळईलगत, माणसाचा पाय पडत नाही. जिन्याची मूळ कड तिथे जशीच्या तशी सापडते. रेघेला समांतर एक सरळ फळी क्लॅम्पने पक्की करा आणि तिच्या आधाराने हातातली इलेक्ट्रिक करवत चालवा. कापण्याआधी इथेही लोहचुंबक फिरवा. पातं काटकोनात आहे ना, हे आधी टाकाऊ लाकडावर कापून गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) तपासा. सांधा वरून मिळाला आणि खालून फाकला, याचं कारण दर वेळी हेच असतं.

करवत तुळईला भिडली की शेवटचे दोन-अडीच इंच राहतात. तिथे घाई करायची नाही. बारीक दाताच्या हातकरवतीने जितकं जाईल तितकं कापा, उरलेलं पटाशीने. रेघेच्या अलीकडे थोडं सोडून पटाशी मारायची, मग शेवटचा पापुद्रा रेघेवर, वरून अर्धा आणि खालून अर्धा. खालूनही मारायचं, नाहीतर लाकडाचा ढलपा निघतो आणि तो नेमका समोर दिसतो. मला पहिल्या पायरीला दीड तास लागला, बाराव्याला वीस मिनिटं.

आता खरी कटकट. कापून झाल्यावर सरळ पट्टी पुन्हा आडवी ठेवून बघा. झीज सव्वा इंचात संपलेली नसते. पायरीचा माथा मधोमध अजून सूत-दीड सूत खोल असतो. नवी पट्टी टोकांशी सपाट बसवली की मधोमध तिची मागची धार उभी राहते. म्हणजे पुन्हा तीच ठेच, ज्यावर मावशी पडली. इथे तीन वाटा आहेत. आणखी मागे कापायचं, पण त्यात पायरीचं चांगलं लाकूड जातं. सगळी पायरी रंधून खाली न्यायची, पण मग उंची बदलते. ती वाट सोडूनच द्या. तिसरी वाट मला पटली: पट्टीची पुढची धार सरळ ठेवायची आणि तिचा माथा मागच्या बाजूला, फक्त मधल्या भागात, रंधून जुन्या पायरीच्या खोलगटात मिळवून द्यायचा. डोळे मिटून तळहात फिरवा. हाताला सांधा लागला नाही तर पायालाही लागणार नाही.

बसवणं

प्रत्येक पट्टी तिच्या पायरीच्या मापानेच कापा. दोन तुळयांमधलं अंतर वर-खाली बदलतं, आणि तुळई सरळ उभी असतेच असं नाही. पुठ्ठ्याचा फर्मा कापून दोन्ही टोकांचा तिरकेपणा त्यावर घ्या. एका बाजूला भिंत असेल तर तिकडे एक सूत मोकळं सोडा. पट्टी फेविकॉल न लावता बसवून बघा, सांध्यातून उजेड दिसतो का पाहा, आणि मागे पेन्सिलने पायरीचा आकडा घाला.

पायरीचे आणि पट्टीचे रेशे एकाच दिशेने जातात, त्यामुळे हा सांधा फेविकॉलला आवडणारा आहे आणि दोन्ही लाकडं फुगतात-आकसतात ती एकाच दिशेने. अडचण सागाच्या तेलाची. अंगच्या तेलामुळे त्याला गोंद पकडत नाही. म्हणून जोडायच्या दोन्ही पृष्ठभागांना थोडा खरखरीत पॉलिश पेपर मारून लगेच थिनरच्या फडक्याने पुसा आणि थिनर उडाला की त्याच तासात जोडा. उद्यावर टाकलंत तर तेल परत वर येतं. कोकणात, किंवा जिथे पावसाचं पाणी जिन्यापर्यंत येतं तिथे, फेविकॉल मरीन वापरा. सांध्यात कुठे फट उरली असेल तर तिथे इपॉक्सी गोंद, म्हणजे अ‍ॅराल्डाइट.

जिन्यावर क्लॅम्प लावायला जागा नसते, ते काम स्क्रूच करतात. पट्टीला समोरून, जाडीच्या मधोमध, दर नऊ इंचांवर एक भोक. आधी १२ मिमीचं, अर्धा इंच खोल. त्यातून पुढे पट्टीच्या आरपार ५ मिमीचं, आणि पायरीत साडेतीन मिमीचं. टोकाचा स्क्रू टोकापासून दोन इंच आत, नाहीतर पट्टी चिरते. स्क्रू १० नंबरचे, तीन इंची. पट्टीत सव्वा इंच गेला तरी पायरीत पावणेदोन इंच उतरतो. स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साध्या लोखंडी स्क्रूला खाऱ्या हवेत गंज चढतो आणि सागावर काळे डाग पडतात. फेविकॉल दोन्हीकडे पातळ लावा, मधला स्क्रू आधी, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. सांध्यातून गोंदाची बारीक रेघ सगळीकडे बाहेर आली की समजा पकड बसली. ती ओल्या फडक्याने लगेच पुसा, कारण वाळलेल्या गोंदावर पॉलिश चढत नाही.

भोकांत त्याच लाकडाची १२ मिमीची बुचं फेविकॉल लावून ठोका. बुचाचे रेशे पट्टीच्या रेशांशी जुळवा, मग ती शोधावी लागतील. चोवीस तास त्या पायरीवर कुणी पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी बुचं पटाशीने कापा आणि पट्टीचा वाढीव अर्धा सूत रंध्याने काढा. रंधा सांध्याला तिरका धरा आणि जुन्या पायरीच्या अंगाला लागू देऊ नका. तिचा तो पिढ्यान्‌पिढ्या पायांनी आलेला गुळगुळीतपणा कुठल्या पॉलिशने परत येत नाही. शेवटी पॉलिश पेपर, ८० नंबर, मग १२०, मग १८०. तिथे थांबा.

पट्टीखाली उभी फळी असेल आणि सांध्यात फट दिसत असेल तर तिथे बारीक बीडिंग मारून घ्या. हे निव्वळ दिसण्यासाठी. उघड्या जिन्याला त्याची गरज नाही.

पॉलिश

आरशासारखी चकाकी जिन्याला नको. मोजे घातलेला माणूस त्यावर उभाच राहत नाही. मॅट पीयूचे (बिनचकाकीच्या पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात टिकतात आणि घसरतही नाहीत. जुन्या घराला मला तेल जास्त शोभतं: जवसाचं उकळलेलं तेल, रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते. पातळ हात, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण ती तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि घडी केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

घरात वयस्कर माणूस असेल तर कडेपासून अर्धा इंच आत, पट्टीच्या लांबीत, अर्धा सूत खोल दोन खाचा मारून घ्या. पायाला कड कुठे आली ते कळतं. हे पॉलिशच्या आधी करायचं. मी नंतर केलं आणि सगळ्या खाचा पुन्हा ब्रशने भराव्या लागल्या.

पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या आसपास सगळे सांधे एकदा नखाने तपासा. आमच्या बारांपैकी तिसऱ्या पायरीचा सांधा डावीकडे केसभर उघडला होता. तिथे मी फेविकॉल लावायच्या आधी फोन घ्यायला गेलो होतो आणि थिनरने पुन्हा पुसलं नव्हतं.